बचाव पक्षाला हुशार मुलं मागणाऱ्या मुख्याध्यापिकेस

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

निरोप समारंभात आभार मानून झाले, पण हारतुऱ्यांच्या गडबडीत मुद्द्याचं राहूनच गेलं. म्हणून हे उघड पत्र.

नववीत न्यूरेंबर्ग खटल्याचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्याचं, अभिरूप न्यायालय भरवायचं, असं मी सुचवलं तेव्हा अभ्यासक्रम अर्धा बाकी होता. ‘परीक्षेनंतर बघू’ म्हणून मला वाटेला लावणं सोपं होतं. तुम्ही वेळापत्रक पुढे ओढलंत, पेन्सिलीने दोन तास जोडलेत आणि एकच अट घातलीत: “बचाव पक्षाला वर्गातली सगळ्यात हुशार मुलं द्या.”

त्या अटीने सगळा रंगच पालटला. १ ऑक्टोबर १९४६ रोजी २२ जणांचा निकाल लागला: १२ जणांना फाशी, ७ जणांना कैद आणि तिघे निर्दोष. एरवी मुलं फाशीचा आकडा पाठ करून मोकळी होतात. आमची मुलं त्या तिघांपाशी अडली. हिटलरच्या शस्त्रसज्जतेसाठी पैसा उभा करणारा शाख्त सुटतोच कसा? नुसती शस्त्रसज्जता हा गुन्हा नव्हता, आणि आक्रमक युद्धाचा बेत त्याला ठाऊक होता हे निःसंशय सिद्ध झालं नाही, म्हणून. हे एका पंधरा वर्षांच्या मुलीने मांडलं आणि फिर्यादी पक्षाची बोलती बंद झाली.

न्यूरेंबर्गच्या न्यायालयात चार भाषांत एकाच वेळी दुभाषे बोलत. बोलणारा फार वेगात गेला की पिवळा दिवा, थांबायचं असेल तर लाल. आपण पुठ्ठ्याचे दिवे केले, भाषेच्या शिक्षकांना तुम्ही दुभाषे म्हणून बसवलंत. मीच बडबडायला लागल्यावर पिवळा पुठ्ठा वर कुणी धरला होता, ते मी विसरलेलो नाही!

मग तो फोन आला. ‘मुलांच्या डोक्यात असलं काय भरताय?’ तुम्ही म्हणालात, “तास माझ्या परवानगीने चाललाय. तक्रार माझ्या नावाने लिहून द्या.” मला हे कळलं ते कितीतरी दिवसांनी, तेही लिपिकांकडून.

आणि जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्याचा तास. ‘अणुबॉम्ब टाकणाऱ्यांवर खटला का नाही?’ या प्रश्नावर मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मागच्या बाकावर गप्प. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांच्या भिन्नमतपत्राची टिपणं होती. ११ न्यायाधीशांपैकी या एकट्याने सगळ्या आरोपींना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवलं, तरी जपानी सैन्याचे अत्याचार नाकारले नाहीत. जेत्यांचा न्याय हा आक्षेप खराच आहे. तरीही ‘वरून हुकूम होता’ एवढं म्हणून सुटका नाही, हे तत्त्व त्याच खटल्यांनी रुजवलं, असं माझं मत. आपलं त्यावर एकमत कधीच झालं नाही.

खरं ऋण मात्र जिन्यावरच्या प्रकरणाचं. मधल्या सुट्टीत एका लहान मुलाला मोठी मुलं रोज अडवत होती. चौकशीत जो तो म्हणे, ‘मी फक्त उभा होतो.’ आम्ही शिक्षक मुलांची नावं लिहीत बसलो होतो. तुम्ही कागद मागून घेतलात आणि सर्वांत वर स्वतःचं नाव लिहिलंत. त्याखाली त्या जिन्यावर देखरेखीची पाळी असलेल्या आम्हा दोघांची. त्याच आठवड्यात आम्ही रवांडातल्या १९९४ च्या नरसंहारातला अकायेसू शिकवत होतो. हा माणूस आधी शिक्षक, मग शाळा तपासनीस, मग ताबा नावाच्या तिथल्या विभागाचा नगरप्रमुख. १८ एप्रिल १९९४ पर्यंत त्याने आपल्या भागात हिंसा रोखायचा प्रयत्न केला. वरिष्ठांसोबतच्या बैठकीनंतर तो फिरला आणि त्याच्या कचेरीच्या आवारात माणसं मारली गेली, बायकांवर बलात्कार झाले. १९९८ मध्ये एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने नरसंहारासाठी दोषी ठरवलेला तो पहिला माणूस. कुठे तो, कुठे आपला जिना; प्रमाणाचं भान मला आहे. पण खुर्चीवरच्या माणसाला काय ठाऊक होतं आणि त्याने काय थांबवलं नाही, हे विचारायचं असतं, हे मुलांना त्या कागदावरून जेवढं कळलं तेवढं माझ्या तासातून कळलं नसतं.

नव्या मुख्याध्यापकांनी जोड तास कायम ठेवले आहेत. यंदा तुम्हाला न्यायाधीश व्हायला बोलावणार नाही. बचाव पक्षात एक जागा रिकामी आहे, तारीख कळवतो.

आपला,
इतिहासाचा शिक्षक