दाजी, तुम्ही पोतं हिसकावलंत म्हणून

आदरणीय दाजी,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी हात धुऊन तुम्ही सासऱ्यांच्या घरी निघून गेलात. माझे पाय लटपटत होते, तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून हे उघडं पत्र. आपल्या कृष्णाकाठी इंजिन चालवणाऱ्या प्रत्येकानं वाचावं.

कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडची वैरण आणायला आम्हाला ही नावच. २०१९ च्या महापुरात हिनंच आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर काढली. त्या दिवशी तिचं इंजिन काठावर सुरू केलं आणि रेस आपोआप चढत गेली. स्टॉपची दांडी ओढली. डिझेलचा कॉक बंद केला. तरी इंजिन किंचाळतच होतं, निळ्या धुरात समोरचं दिसेना.

मी ओलं पोतं घेऊन हवेच्या तोंडाकडे धावलो. तुम्ही ते हिसकावलंत. "पोतं आत ओढलं जाईल, हातही जाईल. फळी दे!" नावेतली बसायची फळी घेतलीत, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकाच्या, रेषेतून बाजूला उभे राहिलात आणि ती हवेच्या तोंडावर सपाट दाबून धरलीत. एअर क्लीनर धुवायला काढलेला होता, हे नशीबच. चार-पाच श्वासांत इंजिन गुदमरून थांबलं.

मी लगेच इंजिनाचं झाकण उघडायला गेलो, तेव्हा पहिल्यांदाच तुम्ही ओरडलात. आत तापलेल्या ऑइलची वाफ असते, बाहेरची हवा लागली की भडका उडू शकतो. पोरांना वर पिटाळून इंजिन निवेपर्यंत तुम्ही तिथंच बसून राहिलात.

कारणही तुम्हीच दाखवलंत. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, त्यात ऑइल मी खुणेच्या वर ओतलेलं. तेच सिलिंडरमध्ये चढून जळत होतं, मग डिझेल बंद करून काय होणार? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेट घेतं. म्हणून हवा तोडायची. जहाजावर त्यासाठी हवेच्या वाटेवर झडप असते, नाहीतर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर तोंडात सोडतात, हे तुम्ही सांगितलंत. रानातल्या लहान इंजिनाला डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायची, दांडी असेल तर ती उचलायची. इतकी वर्षं पंप चालवतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दाजी, त्या वेळी माझा धाकटा नावेच्या टोकावर बसला होता. तुम्हाला ते दिसलं होतं की नाही, ठाऊक नाही. मला रोज दिसतं.

रिंगा नव्या टाकल्या. ऑइल आता काडी बघूनच भरतो. तोंडाच्या मापाची, एका बाजूला रबर ठोकलेली फळी इंजिनाशेजारी खिळ्याला टांगली आहे. दिवाळीला सासुरवाडीला याल तेव्हा आधी घाटावर या. फळी नीट बसते का, तुमच्या हातानं बघायची आहे.

तुमचा,
घाटावरचा नाववाला