खांद्याचं आधी कळव

सांगली, गुरुवार रात्र

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी आवाज चढवला ते चुकलंच. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. कागदावर लिहितो आहे, मंदार फोटो काढून पाठवणार आहे. अक्षर लागलं नाही तर त्यालाच विचार.

खांद्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो आहे. तर, कसा आहे? उजवा म्हणजे सगळ्या कामाचा हात. केस कोण बांधून देतं?

बावीस दिवस, सायली. हासळीचं हाड मोडून बावीस दिवस झाले आणि आम्हाला कळलं ते मंदारने सहज विचारलं म्हणून, "ताईचा हात आता डोक्यापर्यंत जातो ना काका?" व्हिडिओ कॉलवर तू नुसता चेहरा दाखवत होतीस. मी म्हटलं, पोरगी सुकली. आई म्हणाली, काही नाही, फोन जवळ धरलाय.

ट्रामच्या रुळात चाक अडकलं, वर ओली पानं. अगं, हे मे महिन्यात आम्ही जर्मनीला तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तूच मला शिकवलं होतंस! तुझ्या घरासमोर मला सायकलवरून उतरवून दाखवलंस, की बाबा, रूळ तिरका ओलांडायचा नाही, काटकोनात घ्यायचा, जमत नसेल तर उतरून ढकलायची. मी दिवसभर तेच पाळलं. पडल्या मास्तरीणबाई.

आज निळ्या जर्किनच्या खिशात पिर्ना गावातल्या आइस्क्रीमचा लाकडी चमचा सापडला आणि तो अख्खा दिवस डोळ्यांसमोर आला. सकाळी एस-वन गाडी, सायकलचं चित्र असलेला डबा, आणि सायकल घेऊन सरळ आत. ना पार्सल ऑफिस, ना बारदान. बाड शान्डाऊला उतरून एल्बे नदीच्या उताराने परत तुझ्या ड्रेस्डेनला, पंचेचाळीसेक किलोमीटर. आईचे गुडघे म्हणून तिला चाकाच्या आगबोटीत बसवलं. क्योनिगश्टाइनच्या अलीकडे बोट आपल्या जवळून गेली, आईने कठड्याशी उभं राहून पदर हलवला, आणि तू दोन्ही हात सोडून तिला टाटा केलास. मी ओरडलो. तू हसलीस, हात मात्र लगेच धरले नाहीस. तेवढ्यात सत्तरीपुढचं एक जोडपं घंटी वाजवून मला मागे टाकून गेलं. बाईंच्या सायकलला मागे दोन पिशव्या, पुढे टोपलीत कुत्रं. मी काय बोलणार?

क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यावर जायचं राहिलं. पाण्यापासून दोनशे चाळीस मीटर उंच, माथा सपाट. लांबून मला आपलाच एखादा गड वाटला, फक्त दगड काळा नाही, पिवळट. आत दीडशे मीटर खोल विहीर आहे म्हणालीस. खडकात तेवढं खणणाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि पॅडल मारलं.

राटेनची नाव मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुला वाटलं बाबा दमले म्हणून बाकावर बसले. मी तार बघत होतो. नावेला इंजिन नाही, वल्हं नाही, बांबू नाही. वरच्या अंगाला नदीच्या तळात नांगर, त्याला लांबलचक तार, ती बुडू नये म्हणून मध्ये मध्ये छोट्या होड्या, आणि शेवटी नाव. नावाडी ती प्रवाहाला जराशी तिरकी करतो, एवढंच. पाणी कुशीवर रेटतं आणि नाव लंबकासारखी पलीकडच्या काठाला. परतताना तिरकेपणा उलटा. वर बास्टायचे सुळके, लोक त्यांचे फोटो काढत होते, आणि मी त्या तारेला लागलेलं शेवाळ बघत होतो. तू सायकली सांभाळत बसलीस आणि मी तीन फेऱ्या केल्या. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं पाणी अडवण्यात गेली. हरिपूरहून कोथळीला जाणाऱ्या नावेत लहानपणापासून बसलो, पण हे सुचलं नव्हतं.

हरिपूर म्हटलं की आठवतं. सहावीत होतीस. चिंचांच्या सावलीत सायकल घसरली, गुडघा फुटला. घरी येऊन भर एप्रिलमध्ये आजीची शाल पायावर घेऊन बसलीस. आजीने शाल ओढली आणि काही न बोलता हळद भरली. म्हणजे ही सवय आजची नाही. म्हणूनच सांगतो, ऐक. हेल्मेट घाल. तिथे कायद्याने सक्ती नसली तरी घाल. पानं पडतात त्या दिवसांत ट्रामनेच जा. अंधार लवकर होतो, मागचा दिवा तपासत जा. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम...

बघ, सुरू झालं. आई वाचेल तर म्हणेल, माफी मागायला बसलात की वर्ग घ्यायला? माफ कर. तुझ्या हाताखाली चार माणसं काम करतात, परक्या भाषेत तू त्यांना काम समजावून सांगतेस, हे मी इथे कट्ट्यावर ज्याला त्याला सांगत असतो. अशा मुलीला दिव्याचं सांगायला नको. हेल्मेटचं मात्र मागे घेत नाही.

आणि तू सांगत नाहीस असंही नाही. 11 सप्टेंबर 2024ला पहाटे तीनच्या सुमाराला तुमच्या ड्रेस्डेनचा तो कारोला पूल एल्बेत कोसळला, तेव्हा इथे बातमी दिसायच्या आधी तुझा फोन आला. "बाबा, मी घरीच होते, बरी आहे." पूल पडला की फोन, स्वतः पडलीस की गप्प. हा हिशेब मला लागत नाही.

खरं तर लागतो. पिर्नाच्या त्या भिंतीपाशीच लागला होता, मी बोललो नाही.

पुराच्या खुणा होत्या ना दगडात, साल आणि रेघ. 2002ची रेघ बघायला मला मान वर करावी लागली. त्या ऑगस्टमध्ये ड्रेस्डेनला 9.40 मीटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ एकतीस फूट. मी म्हटलं, आपल्या आयर्विन पुलाखाली 2019ला सत्तावन्न. मग माझं मलाच वाटलं, शून्य कुठे धरलंय ते कळल्याशिवाय अशी तुलना करू नये. तू चमचा चाटत होतीस. एकदम विचारलंस, "बाबा, तेव्हा आपल्या घरात खरं किती होतं?" मी हात कमरेला लावला. तू काही बोलली नाहीस, फक्त माझ्या हाताकडे बघत राहिलीस. तेव्हा फोनवर तुला मी काय सांगितलं होतं? पाणी फाटकाबाहेर आहे, काळजी करू नकोस, अभ्यास कर. फोन मी माडीवरून करत होतो. खाली फ्रीज तरंगत होता. कमरेला नव्हतं सायली, छातीला होतं. तुला ते मंदारने कधीच सांगितलं असणार.

पुढे पिलनिट्झपाशी तू तो बिअर आणि लेमनेडचा ग्लास समोर ठेवलास. त्याला म्हणतात रॅडलर, म्हणजे सायकलवाला. अर्धा मी प्यायलो. आईला अजून ते लिंबू सरबत वाटतं. वाटू दे.

आता एक सांगतो, आईने सांगू नका म्हणून बजावलेलं. दसऱ्यापासून डाव्या डोळ्याने धुरकट दिसतं. मोतीबिंदू आहे, येत्या मंगळवारी काढायचा आहे. साधं काम आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. मंदार येणार आहे. ओळ सोडून अक्षर का चाललंय ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

एक्स-रेचा फोटो पाठव. आधीचा आणि आताचा, दोन्ही.

तुझा,
बाबा

ता. क. भडंग पाठवतो आहे. पुडक्याला सुतळीची गाठ नको, डाव्या हाताने सुटेल असं बांध म्हणून दुकानात सांगितलं आहे.