आठ मिलिमीटरच्या पाच रिळांबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये, ही रिळे परत देताना आपण घातलेली एकमेव अट होती. ती पाळूनच हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

आजोबांनी हौसेने चित्रित केलेली आठ मिलिमीटरची पाच रिळे आमच्या माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कित्येक वर्षे पडून होती. त्यांतल्या दोन रिळांची सीडी आम्ही पूर्वी एका दुकानातून करून घेतली होती. त्या दुकानदाराने भिंतीवर पाडलेले चित्र व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपून दिले होते. त्यात सगळी माणसे तुरुतुरु पळताना दिसत, आणि जुन्या फिल्मा अशाच असतात असे समजून आम्ही त्यांना हसत असू. यंदा डबा पुन्हा उघडला तेव्हा आंबूस वास आला आणि आता हे टाकूनच द्यावे लागणार, असे वाटले. तरी रिळे आपल्याकडे आणली.

आपण रीळ प्रोजेक्टरवर चढवायला साफ नकार दिलात. ॲसिटेटची फिल्म दमट हवेत कुजू लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, म्हणून तो वास येतो. शिवाय ती आखडते, तिची भोके प्रोजेक्टरच्या दातांवर नीट बसत नाहीत आणि ती फाटते, हे आपण आम्हाला न कंटाळता समजावून सांगितलेत. मग एकेक चौकट, म्हणजे फिल्मवरचे एकेक स्थिर चित्र, स्वतंत्रपणे स्कॅन केलीत. पन्नास फुटांच्या एका रिळात सुमारे ४,००० चौकटी असतात, म्हणजे हे काम किती चिकाटीचे होते याची कल्पना आम्हाला उशिराच आली. सेकंदाला १६ चौकटींच्या मूळ गतीने ते रीळ चार मिनिटांहून थोडे अधिक चालते. २४च्या गतीने पावणेतीन मिनिटांत आटोपते. आमची माणसे पळत नव्हती, दुकानदाराने त्यांना पळवले होते! आपल्या प्रतीत आजी प्रथमच आजीसारखी चालली, आणि तिच्या मागून जाणारे दादरही आपल्या चालीने चालू लागले.

रिळे कधीची, याबद्दल घरात वाद होता. फिल्मच्या कडेवरची कोडॅकची बारीक चिन्हे आपण भिंगातून वाचलीत. ती चिन्हे दर वीस वर्षांनी पुन्हा तीच येतात, त्यामुळे फिल्म १९४२ची किंवा १९६२ची असू शकते, एवढेच त्यांवरून ठरत होते. पुढचा निवाडा शहराने केला. तिसऱ्या रिळात गेटवे ऑफ इंडियासमोर आत्या फुगा धरून उभी आहे आणि तिच्या मागे शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तो तेथे २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिला. त्याच रिळाच्या शेवटी दादर टी.टी.ला ट्राम वळते, आणि मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. पुतळा आणि ट्राम यांच्या मध्ये आमचे रीळ नेमके सापडले. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, तरी लोक अजून टी.टी.च म्हणतात, आणि त्यातल्या एका ‘टी’चा अर्थ ट्राम हे आमच्या मुलांना या रिळामुळेच कळले.

मात्र मनापासून आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. रिळांची सुरुवातीची आणि शेवटची टोके, जिथे आजोबांचा हात हलला होता किंवा कॅमेरा चुकून चालू राहिला होता, ती कापून टाका, असे मीच आपल्याला सांगितले होते. आपण ती ठेवलीत. मुंजीच्या चित्रणात सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात, तसे ते कोणत्याही घरातल्या मुंजीत हसतात. पण त्या निसटलेल्या तुकड्यांत कोणीच सजून उभे नाही. आरेच्या दूध केंद्रापुढे बाटल्या घेऊन लागलेली रांग, गॅलरीतून सोडलेली वाळत घातलेली नऊवारी, सामायिक नळाशी कळशी ठेवून भांडणाऱ्या दोन बायका (आवाज नाही, तरी भांडण ऐकू येते), ट्रामच्या पायरीवर लोंबकळणारा पोरगा. यांपैकी काहीही टिपण्यासारखे आहे असे आजोबांना वाटले नव्हते. फिल्म महाग होती आणि ती त्यांना मुलांसाठी वापरायची होती.

रिळे आता आपण दिलेल्या नव्या डब्यांत, माळ्यावर नव्हे तर घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात ठेवली आहेत, आणि स्कॅन झाले तरी मूळ फिल्म टाकायची नाही ही आपली ताकीद डब्यावर चिठ्ठी लावून पाळली आहे.

आपण विचारले होते, की मुंजीच्या पंगतीत हातात जिलेबीचे ताट घेऊन पुन्हा पुन्हा मध्ये येणारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला माणूस कोण. तो आमच्या नात्यातला नव्हे. आत्या सांगते, ते शेजारच्या खोलीतले गिरणीकामगार होते, रात्रपाळी करून सकाळी आले होते आणि न झोपता वाढायला उभे राहिले होते.

आपली कृतज्ञ,
आजोबांची धाकटी नात