बाबांचे ५४, यांचे ५४

जर्मनटाऊन, मेरीलँड
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "सरकार बंद पडतं म्हणजे काय गं? ती काय पिठाची गिरणी आहे?" मी हसले आणि विषय बदलला. निखिल शेजारीच बसला होता आणि त्याच्यासमोर मला ते बोलायचं नव्हतं. आता गिरणी सुरू झाली आहे, म्हणून सगळं लिहिते.

आधी जे लपवलं ते सांगून टाकते. निखिलचं काम ६ ऑक्टोबरपासून बंद होतं. नोकरी गेली नव्हती, आई, लगेच देव पाण्यात घालू नकोस. तो काम सरकारी खात्याचं करतो, पण पगार देते कंत्राटदार कंपनी. खातंच बंद, म्हणून "काम थांबवा" असा मेल आला. पहिले दोन आठवडे साठलेली रजा लावली, पुढचे साडेतीन बिनपगारी गेले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तो चकल्या पाडताना दिसला आणि तू कौतुकाने म्हणालीस ना, जावई घरात किती बघतात! घरातच होते ते, दुसरं काय बघणार?

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही, तर तिजोरीला हात लावता येत नाही. हा कायदा १८८४ चा, पण जवळजवळ शंभर वर्षं कोणी त्याचा अर्थ 'कचेरीला टाळं' असा लावला नव्हता. तो लावला १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी. तेव्हापासून हे अधूनमधून होतं. आपल्याकडे बजेट लांबलं तर लेखानुदान होतं, आणि लोकसभेत खर्चाच्या मागण्याच पडल्या तर मंत्रिमंडळ घरी जातं. इथे घरी जातो तो कारकून. राष्ट्राध्यक्ष जागेवर, खासदार जागेवर, निवडणूक तिच्या ठरल्या तारखेला. मग घाई असणार कुणाला?

घरी बसवलेल्या सरकारी माणसाला इथे फर्लोवर आहे म्हणतात. आपल्या पेपरात हा शब्द फक्त कैद्यांच्या रजेसाठी येतो, त्यामुळे पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलेच होते. समोरची बाई अशी फर्लोवर होती. तिने कुंपण रंगवलं, गॅरेज आवरलं, मग पुन्हा कुंपणाला दुसरा हात दिला. तिचे पैसे मागाहून मिळणार, २०१९ मध्ये तसा कायदा झालाय. त्या कायद्यात कंत्राटी माणूस नाही, म्हणजे निखिल नाही. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा विमानतळावर सामान तपासतो. तो 'अत्यावश्यक', म्हणून रोज कामावर हजर आणि पगार शून्य. रात्री टॅक्सी चालवायचा. मी त्याला विचारलं, दोष कुणाचा? "दोघांचा," म्हणाला आणि गाडीत बसला.

आणि माझ्या ऑफिसात, तिसऱ्या आठवड्यात, एकाने कॉफी ओतून घेताना विचारलं, "अजून बंदच आहे का ते?" मला राग आला, पण मग २०१९ चा जानेवारी आठवला. ईराच्या वेळी तुम्ही दोघं आला होतात. बाबांना विमानांचं म्युझियम बघायचं होतं आणि निखिल त्यांना दारावरून परत घेऊन आला. "सोमवारी बंद असतं का?" असं बाबा विचारत होते. तो बंद ३५ दिवस चालला आणि माझ्या लेखी तो एवढाच होता, बाबांचं एक राहून गेलेलं म्युझियम. लोक बिनपगारी असतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हा कॉफी ओतणारी मीच होते.

मला वाटतं, या बेफिकिरीवरच हे सगळं चालतं. २०१३ मध्ये १६ दिवस बंद होता. लोक रिपब्लिकनांवर चिडले, त्या नोव्हेंबरात गॅलपच्या पाहणीत संसदेचं काम पसंत असणारे फक्त ९ टक्के उरले. वर्षभराने निवडणूक झाली आणि त्याच रिपब्लिकनांनी सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, जिंकलं. संसदेचं नाव काढलं की सगळे नाकं मुरडतात, पण आपला तो खासदार बरा, गाढव सगळी बाकीची. पुन्हा उभे राहिलेल्या खासदारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पुन्हा निवडून येतात.

दिवाळीच्या कार्यक्रमात आपली मराठी मंडळीही तशीच. निम्मे म्हणाले, आरोग्य विम्याच्या सवलतीसाठी डेमोक्रॅटांनी देश अडवला. निम्मे म्हणाले, रिपब्लिकन साधं बोलायलाही तयार नाहीत. खर्चाच्या मंजुरीला सिनेटमध्ये १०० पैकी ६० मतं लागतात, रिपब्लिकनांकडे ५३, त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्याच. नोव्हेंबरमध्ये गरिबांच्या धान्याचे पैसे थांबले. सव्वाचार कोटींच्या आसपास माणसं त्यावर आहेत, आपला केरळ आणि गोवा मिळूनही एवढी होत नाहीत. तरी कुणी जागचं हललं नाही. ७ तारखेपासून चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी केली आणि आठवड्याच्या आत तोडगा निघाला. २०१९ मध्येही न्यूयॉर्कची विमानं रखडली त्याच दिवशी टाळं निघालं होतं. योगायोग असेल. मला नाही वाटत.

शेवटी डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ जण फुटले. विम्याच्या सवलतीबद्दल मिळालं ते डिसेंबरात मतदान घेऊ एवढं आश्वासन. खरं सांगू? माझं मत डेमोक्रॅटांनाच गेलं होतं. बातमी आली तेव्हा आधी वाटलं, सुटलो. आणि दुसऱ्या मिनिटाला वाटलं, मग आमचे पैसे गेले ते कशासाठी? दोन्ही एकदम कसं वाटू शकतं माहीत नाही, पण वाटलं.

बाबा, आता गंमत ऐका. हा बंद ४३ दिवसांचा, इथला आजवरचा सगळ्यात मोठा. पण खालचं सभागृह १९ सप्टेंबरनंतर थेट १२ नोव्हेंबरला मतदानाला बसलं. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, ५४ दिवस! तुमच्या १९७७-७८ च्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाइतके, एक कमी नाही की एक जास्त नाही. फरक एवढाच की तुम्ही महागाई भत्त्यासाठी स्वतःहून काम सोडलं होतंत आणि पगारही सोडला होता. या खासदारांचा पगार एक दिवस थांबला नाही. आणि ज्यांचा थांबला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आई, तुझ्या पाटल्यांची गोष्ट मला मावशीने सांगितली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तू त्या गहाण ठेवल्यास आणि सोडवायला दोन वर्षं लागली. बाबांनी आम्हाला संप नेहमी घोषणा आणि मोर्च्यांसह सांगितला, पाटल्या कधी नाही. मीही तुम्हाला पाच आठवडे काही सांगितलं नाही. घराण्याचा गुण.

निखिल शुक्रवारपासून कामावर जातोय. ही मंजुरीही ३० जानेवारीपर्यंतचीच आहे, त्यामुळे एप्रिलच्या तिकिटांचं फेब्रुवारीत बघू. ईराने बाबांसाठी विमानाचं चित्र काढलंय, सोबत ठेवलं आहे.

आणि बाबा, एक विचारायचं होतं. निखिलला सहाव्या दिवशीच घर खायला उठलं होतं. त्या ५४ दिवसांत मोर्चे सोडून तुम्ही दिवसभर काय करायचात? फोनवर सांगू नका, आई मधे बोलते. लिहा.

तुमची,
सुमेधा