पहिली मशीन दिली, आई-बाबा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीला पुण्याला याल तेव्हा गॅलरीत शिवणाची मशीन दिसणार नाही. शेजारचं टेबल, चिंध्यांच्या पेट्या, काहीच नसेल. इथे येऊन रिकामी जागा बघण्यापेक्षा आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. मी ते सगळं विकलं. आई, "दसऱ्याला जिला झेंडूचा हार घातला ती विकायची?" असं तू म्हणशील, ते माहीत आहे. पण माझं पूर्ण ऐक.

तुझ्या गोधडीला मशीन कधी लागलीच नाही. नऊवारी चौपदरी दुमडली की पावणेसात फूट लांब होते, पन्हा एका माणसाला पुरतो. उन्हाळ्यात शेतातली कामं थांबली की गल्लीतल्या बायका कडेने बसायच्या आणि धावदोरा घालत आत सरकायच्या. माझ्याकडे मागणी येते ती डबलबेडची, ९० बाय १०० इंच, आत कापसाचा थर. घरगुती मशीनची सुई आणि खांब यांच्यात जागा जेमतेम सहा-सात इंच. तेवढ्यातून अर्ध्या गोधडीची वळकटी सरकवायची म्हणजे मध्यापर्यंत जाताना खांदे भरून येतात. शिवाय खालचे दाते फक्त खालचं कापड ओढतात. वरचं मागे राहतं, टाचण्या कितीही लावा, चुण्या पडतातच. म्हणून मधला भाग मी हातानेच शिवत आले आणि कामं रखडत गेली.

आता जवळच एक गाळा भाड्याने घेतला आहे. तिथे कारखान्यातली मोठी मशीन बसवली. तिचा कापड दाबणारा पाय स्वतः चालतो, वरचं-खालचं कापड बरोबरीने पुढे नेतो. जुनी घरात ठेवता आली असती, पण न चालवलेल्या मशीनचं तेल घट्ट होतं, पट्टा कडक होतो. ते माझ्याने बघवलं नसतं.

घेणारी मुलगी नुकतीच शिवण शिकली आहे. तिला फक्त मशीन हवी होती. मी म्हटलं, सगळं एकत्रच ने: टेबल, कात्री, खडू, पुठ्ठ्याचे साचे, अंगुस्तानसुद्धा. नवशिकीचं काम अडतं ते याच वस्तूंवाचून. बाबा, तुम्ही मला मशीन घेऊन दिलीत तेव्हा जुन्या दाराचं टेबलही करून दिलंत, म्हणून मी दुसऱ्या दिवशी कामाला बसू शकले. तिच्याकडून पैसे मात्र घेतले, परवडतील एवढेच. फुकट आलेली मशीन कोपऱ्यात पडून राहते, असं मला मनापासून वाटतं.

वाईट वाटलं, खूप वाटलं. त्या मशीनवर मी घरभाडं भरलंय. माझ्या हाताला काम आहे, ही खात्री तिथेच आली आणि ती तुम्ही दोघांनी दिलीत.

बाबा, गाळ्यात नवं टेबल लागेल. आधीचं ३० इंच उंच होतं, बसून शिवायला बरोबर, पण उभं राहून कापताना कंबर धरायची. या वेळी ३६ इंच करू, आठ बाय चार फुटांचं आणि दोन भागांत, कारण गाळ्याचं दार अरुंद आहे. फळ्या इथे मिळतील, तुम्ही तुमचा रंधा आणा. आई, तू विरलेली सुती पातळं आण. कितीही फाटकी वाटली तरी बोहारणीला देऊ नकोस.

तुमची लेक