आण्णा, अर्ज करणं म्हणजे हात पसरणं नव्हे

एम्स, आयोवा
१८ जानेवारी

तीर्थरूप आण्णांस आणि आईस साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार. पिंट्याला आशीर्वाद.

मी इथल्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करणार आहे असं सांगितल्यावर रविवारी आण्णा फोनवर म्हणाले, "कर्ज काढलंय ते फेडू. घरच्या अडचणी परक्या माणसांना लिहून कळवायच्या नाहीत. आपल्या घरात कुणी कुणापुढं हात पसरलेला नाही." तेव्हा मी गप्प बसले. फोनवर दोन मिनिटांत बोलून संपेल असा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. पिंट्यानं मोठ्यानं वाचावं, आजीलाही ऐकू दे.

आधी हे पैसे कुणाचे ते सांगते. अमेरिकी सरकारची विद्यार्थ्यांना जी मदत असते ती इथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना. माझ्यासारख्या स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलीला ते दार बंदच आहे. मी अर्ज करणार आहे त्या शिष्यवृत्त्या सरकारच्या नाहीत आणि विद्यापीठाच्या तिजोरीतल्याही नाहीत. त्या माणसांनी दिलेल्या आहेत. कुणी इथंच शिकून पुढं नोकरीत स्थिरावलेला माणूस, कुणी निवृत्त मास्तरीण, कुणी शेतकरी नवराबायको, कुणी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावानं रक्कम ठेवणारे आईवडील. ते विद्यापीठाच्या फाउंडेशनकडे पैसे देतात आणि सोबत अटी लिहून देतात: विद्यार्थी अमुक शाखेचा असावा, दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षाला असावा, गुणांची सरासरी चारपैकी तीनच्या खाली नसावी, गरज असलेल्याला प्राधान्य द्यावं.

बरेचदा मुद्दलाला कुणी हात लावत नाही. आजीनं गावच्या सोसायटीत ठेव ठेवलीय आणि व्याजावर औषधपाणी चालवते, तसंच हे. समजा कुणी २५,००० डॉलर दिले. ते गुंतवतात आणि दरवर्षी साधारण चार टक्के काढतात, म्हणजे १,००० डॉलर, आपले ऐंशी हजारांच्या वर. देणारा माणूस गेला तरी दर साली एका मुलाला ते मिळत राहतात. ही पद्धत इथं फार जुनी आहे. १६४३ साली लंडनच्या अ‍ॅन रॅडक्लिफ नावाच्या विधवेनं हार्वर्डला १०० पौंड दिले आणि त्याचं उत्पन्न एका गरीब विद्यार्थ्याच्या पोटापाण्याला लावा असं सांगितलं. शिवाजी महाराज तेव्हा पंधरा वर्षांचेसुद्धा नव्हते. आणि त्या बाईनं हार्वर्ड कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

आता तुमच्या बोलण्याकडे येते. आण्णा, आजोबा साताऱ्याला कर्मवीरांच्या बोर्डिंगात राहून शिकले. बोर्डिंगात जी भाकरी ते खात होते तिची ज्वारी गावोगावच्या लोकांनी दिलेली होती. सुरुवातीच्या काळात एकदा मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं, ही गोष्ट तुम्हीच मला किती वेळा सांगितलीय. आजोबांनी ती भाकरी खाल्ली, बोर्डिंगचं काम केलं, शिकले, आणि त्या शिक्षणावर आपलं सगळं घर उभं राहिलं. त्याला आपल्या घरात कुणी भीक म्हटलेलं मी ऐकलं नाही. अभिमानानंच सांगतात सगळे.

डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यासाठी त्यांनी रीतसर अर्ज केला होता आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करारही लिहून दिला होता. सी. डी. देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले तेव्हा त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली, तीही नाना शंकरशेटांच्या नावानं ठेवलेल्या निधीतूनच. देणारा, घेणारा आणि मधे लेखी अट, ही रीत आपल्याकडे नवी नाही. हात पसरणाऱ्याला समोरचा काहीही विचारत नाही, नाणं टाकतो आणि पुढं जातो. इथं मला चार पानं लिहून सांगावं लागतं की मी काय शिकते, का शिकते, पैसे कुठं कमी पडतात आणि मिळाले तर मी काय करीन. मग समितीतली माणसं ते वाचतात, पारखतात आणि ठरवतात. याला मी कमीपणा मानू शकत नाही.

मी ज्या गावात शिकते तिथं तर हे आणखी जाणवतं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ साली याच विद्यापीठात आले, इथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्याआधी कॅन्ससच्या एका कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला आणि दारात उभं राहिल्यावर कातडीचा रंग बघून परत पाठवलं. आयोवातच इंडियानोलाच्या कॉलेजात ते लोकांचे कपडे धुऊन शिकत होते. तिथल्या चित्रकलेच्या बाईंनी त्यांची झाडांची जाण ओळखली आणि त्यांना एम्सला पाठवलं. १८९४ ला पदवी, १८९६ ला मास्टर्स. आणि म्हातारपणी याच माणसानं आपली आयुष्यभराची पुंजी तस्कीगीतल्या, म्हणजे ते ज्या संस्थेत शिकवत होते तिथल्या, संशोधनासाठी देऊन टाकली. गणिताचा विभाग ज्या इमारतीत आहे तिला त्यांचं नाव आहे. मी तिथं तासाला जाते.

आमच्या संगणक विभागाची इमारत अटानासॉफ यांच्या नावाची. त्यांनी आणि क्लिफर्ड बेरी या त्यांच्या विद्यार्थ्यानं इथल्या भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधलं, १९३९ ते १९४२ या काळात. सुरुवातीला कॉलेजनं त्यांना ६५० डॉलर दिले होते. एवढ्याशा रकमेतून किती मोठं काम निघालं बघा. एक हजार डॉलरनं काय होणार, असं आई विचारत होती ना, म्हणून हे सांगितलं. तसं व्यवहारातही सांगते: एक हजार डॉलर म्हणजे माझी एका सत्राची पुस्तकं आणि वर बऱ्याच दिवसांचा किराणा. सत्र चालू असताना मला कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही, तो व्हिसाचा नियम आहे. कमाई वाढवायला मला दुसरा रस्ता नाही. आणि जेवढी शिष्यवृत्ती मिळेल तेवढं बँकेचं कर्ज कमी उचलायचं. घराचे कागद बँकेत आहेत हे मी एक दिवसही विसरत नाही.

अर्ज कसा असतो ते पिंट्यासाठी नीट लिहिते, त्याला पुढं उपयोग होईल. एक सामायिक अर्ज ऑनलाइन भरायचा. शाखा, वर्ष, गुण, गाव, घरची परिस्थिती ही माहिती दिली की ज्या ज्या शिष्यवृत्त्यांच्या अटींत आपण बसतो त्या आपोआप समोर येतात. काहींना वेगळे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं वेगळी लिहायची. इथं पुष्कळ मुलं एकच निबंध सगळीकडे चिकटवतात आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या चार ओळींत कळतं. एकानं शेतीच्या घरातल्या मुलांसाठी पैसे ठेवलेत, दुसऱ्यानं घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्यासाठी. त्या दोघांना एकच उत्तर कसं चालेल? त्या माणसानं ही अट का घातली असेल याचा विचार करून लिहावं लागतं. मला तर हाच सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. अर्ज लिहिताना समोर एक माणूस बसलाय असं मानून लिहिते.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना निदान तीन आठवडे आधी विचारायचं आणि आपण त्यांच्या विषयात काय काम केलं ते एका पानावर लिहून द्यायचं. ज्यांना आपलं काम माहीत आहे त्यांनाच विचारायचं. मोठ्या नावाच्या पण आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाचं पत्र कोरडं येतं. अजून एक, पिंट्या: अर्जासाठी फी मागणारी शिष्यवृत्ती दिसली की तिथून निघायचं. खरा देणारा घेणाऱ्याकडून पैसे घेत नाही. आणि बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यावर काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कमी करतात, म्हणून ते आधी विचारून घ्यायचं. कराचंही बघावं लागतं: फीला आणि सक्तीच्या पुस्तकांना लावलेल्या रकमेवर कर नाही, पण राहण्याजेवणाला गेलेल्या भागावर आम्हा परदेशी विद्यार्थ्यांचे साधारण चौदा टक्के कापतात.

तुला परदेशात यायचंच असेल तर आधी आपल्याकडचेही रस्ते बघ. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी काढला, तो आजही चालू आहे. तो पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आणि कर्जरूपानं असतो. फेडलेले पैसे पुढच्या मुलाला जातात.

आता माझ्या निबंधाचं. आण्णा, यातच तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मला पाठवायचा नाही. शेतीच्या घरातून आलेल्या संगणकाच्या विद्यार्थ्याला प्राधान्य, अशी एक शिष्यवृत्ती आहे. प्रश्न असा: या विषयाकडे तुम्ही कसे वळलात? मी आपल्या विहिरीवरच्या मोटरीबद्दल लिहिलंय. थ्री-फेज लाईट रात्री यायची, तुम्ही बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जायचात आणि बिबट्याच्या भीतीनं आई तुम्ही परत येईपर्यंत जागी राहायची. मग तुम्ही मोबाईल स्टार्टर बसवलात. घरातून फोन लावायचा, एक दाबायचं, आणि अर्धा मैल लांब मोटर सुरू. मी सातवीत होते. त्या पेटीत एक सिमकार्ड आहे एवढंच तुम्ही सांगितलंत आणि मी किती दिवस त्या पेटीभोवती फिरत होते. फोनवरचा आवाज मोटरीला कसा कळतो, हा मला पडलेला पहिला संगणकाचा प्रश्न. त्या वेळी त्याला संगणक म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

पुढं एक फेज गेल्यावर मोटर जळाली, तेही लिहिलंय. रिवाइंडिंगला पैसे गेले आणि तोवर ऊस वाळत होता. गेल्या सत्रात मी आणि वर्गातल्या एका मुलीनं एक छोटं यंत्र केलं. तिन्ही फेजचा करंट मोजत राहायचं आणि एक जरा जरी ढासळला तरी मोटर बंद करून फोनवर निरोप पाठवायचा. अशी यंत्रं बाजारात आहेत. पण स्वतः प्रोग्राम लिहिल्यावर मला कळलं की खरी अडचण व्होल्टेज थोडं कमीजास्त होण्यात आहे. आपल्याकडे ते सारखंच होतं आणि दर वेळी मोटर बंद पडली तर शेतकरी वैतागून पेटीच काढून टाकेल. नेमकं कधी थांबायचं आणि कधी चालू द्यायचं, हे मला पुढची दोन वर्षं शिकायचंय.

आमच्या सरांनी तो मसुदा वाचला. ते म्हणाले, तांत्रिक भाग चांगला आहे, पण मोटर जळाल्यावर घरात काय झालं हे एका ओळीत उरकलंय, ते सांग. म्हणून मी एक परिच्छेद वाढवलाय. त्या वर्षी आईनं गाभण म्हैस विकली आणि माझ्या अकरावीच्या क्लासची फी भरली. आई, तू तेव्हा मला सांगितलं होतंस की म्हैस आटली म्हणून विकली. मला माहीत होतं गं. तुझ्यासमोर बोलले नाही एवढंच.

तो परिच्छेद मी रडगाणं म्हणून लिहिलेला नाही. गरज किती आहे याचा आकडा वेगळ्या रकान्यात जातो: वर्षाचा खर्च, विद्यापीठानं माफ केलेली फी, बँकेचं कर्ज, माझी कमाई आणि उरलेली तूट. तिथं एकही विशेषण नाही. पण ही मुलगी इथवर कुणाच्या जिवावर आली हे आकड्यांत येत नाही, आणि ज्यांनी आपल्या कष्टाचे पैसे अनोळखी मुलीसाठी ठेवले त्यांना ते कळावं असं मला मनापासून वाटतं. शिष्यवृत्ती मिळाली तर देणाऱ्याला आभाराचं पत्र लिहायचं असतं. पुष्कळ ठिकाणी त्या पत्राशिवाय पैसे खात्यात येतच नाहीत. वसंतात जेवण ठेवतात, देणारे आणि मुलं एका टेबलाशी बसतात. मागच्या वर्षी आमच्या हॉस्टेलमधली एक मुलगी गेली होती. तिच्या शेजारी बसलेल्या आजींनी शिष्यवृत्तीबद्दल काही विचारलं नाही, तिच्या गावात पाऊस किती पडतो ते विचारलं. त्या स्वतः मक्याच्या शेतावर वाढलेल्या.

सोबत निबंधाचं मराठी भाषांतर पाठवतेय. आण्णा, तुम्ही वाचा, आईला वाचून दाखवा. म्हशीचा परिच्छेद ठेवायचा की काढायचा ते तुम्ही दोघांनी ठरवा. काढा म्हणालात तर काढीन आणि पुन्हा विषय काढणार नाही, बाकी अर्ज तसाच जाईल. मात्र मोटरीबद्दल मी लिहिणारच.

कागद लागतील ते असे: तहसील कार्यालयातून यंदाचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याकडची ऊसबिलाची पावती आणि बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र. दाखला मराठीत मिळेल, त्याचं इंग्रजी भाषांतर साताऱ्यात करून नोटरीचा शिक्का घ्या. सगळं पिंट्यानं नीट स्कॅन करून पाठवावं, मोबाईलनं काढलेले तिरके फोटो चालत नाहीत. अर्जाची मुदत १ मार्चला संपते, पण मला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं हातात हवंय.

इथं बर्फ आहे, उणे वीसपर्यंत जातं. आजीनं दिलेली गोधडी दुलईच्या आत घेते. मेतकूट संपलं, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा.

तुमची,
चिऊ