मिस्त्रीकाका, तुम्ही आधी गाडीखाली शिरलात

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

खडकाळ वाटांवर ट्रेलर ओढणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे जाहीर आभार. हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायची जोडणी, घ्यायची म्हटलं की जो तो बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो त्या लोखंडी गोळ्यावर, कोरलेला वजनाचा आकडा बघतो. तुम्ही मात्र टॉर्च घेऊन आधी गाडीखाली शिरलात आणि चॅसिसवर बोट ठेवलंत. बॉल 3,500 किलोचा असला तरी गाडीची ओढायची मर्यादा 2,000 किलो असेल तर हिशेब 2,000चाच. रिसीव्हर (गाडीमागची चौकोनी नळी), त्यातली आडवी पिन, बॉल, कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड), बोल्ट यांत ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तोच अख्ख्या जोडणीचा आकडा.

सगळ्यात मोठे उपकार चॅसिसच्या आत बसवलेल्या त्या नळ्यांचे. चॅसिसची दांडी म्हणजे पोकळ पेटी. आरपार बोल्ट घालून आवळला की भिंती आत दबतात, टॉर्क पाना ठरलेला जोर लागला म्हणून 'कट्' वाजतो आणि काम झालंसं वाटतं. पण हादऱ्यांनी पत्रा आणखी दबत जातो, बोल्टचा ताण उतरतो, भोक लांबट होतं आणि त्याच भोकाच्या कडेला तडा सुरू होतो. म्हणून पेटीच्या आतल्या रुंदीएवढ्या लांबीची जाड नळी, बोल्ट तिच्यातून, आणि बाहेरून 6 मिलिमीटरची पट्टी. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट पुढे केले तेव्हा तुम्ही बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचायला शिकवलंत. 8.8 म्हणजे तुटण्याची ताकद 800 मेगापास्कल आणि त्याच्या 80 टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. 10.9चा 1,000 आणि 90 टक्के. नेहमीचा स्टेनलेस ए2-70 मात्र 700च. हे एकदा कळलं की चकाकीला कुणी भुलत नाही. चॅसिसवर आडवं वेल्डिंग मारायलाही तुम्ही ठाम नकार दिलात, तेही बरोबरच. त्या टाक्याशेजारचं तापलेलं लोखंड पुढे तिथेच चिरतं.

बॉलचं माप किरकोळ वाटतं, पण 50 मिलिमीटर आणि दोन इंच म्हणजे 50.8 मिलिमीटर यांतला फरक फसवा आहे. 50चा बॉल दोन इंची कपलरमध्ये बसतो, पण सैल राहून खडखडतो आणि झिजतो. उलट केलं तर कपलर नीट लॉकच होत नाही. शिवाय गाडीचं डावं चाक खड्ड्यात आणि ट्रेलरचं उजवं दगडावर असताना जोडणीला पीळ बसतो. साधा कपलर थोडा वळतो आणि मग त्याची कड बॉलच्या मानेला टेकून उचकटायला लागते. म्हणून खडकाळ वाटेला पूर्ण 360 अंश फिरणारी जोडणीच हवी, हा तुमचा आग्रह आम्ही पाळतो. पिंटल हुकही (ट्रेलरची कडी अडकवायचा जाड हुक) पीळ सोसतो, ताकदीला तर खणखणीतच, फक्त त्याचा आवाज आणि धक्के सोसायची तयारी ठेवावी लागते.

ट्रेलरच्या तोंडाचा भार, म्हणजे कपलर बॉलवर जेवढं वजन टाकतो ते, आम्ही आता अंदाजाने सांगत नाही. वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, ट्रेलर सपाट करून, कपलर त्यावर टेकवतो. एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार धरायचा. फार कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपूट हलवतो. पण मागच्या चाकांपासून 1 मीटर मागे 120 किलो आले आणि गाडीच्या चाकांतलं अंतर 2.5 मीटर असलं, तर पुढच्या चाकांवरून 48 किलो उचलले जातात आणि मागच्यांवर 168 चढतात. चढावर स्टिअरिंग हलकं का होतं, ते या गणितात आहे. म्हणून रिसीव्हर चॅसिसच्या दोन दांड्यांमध्ये, जमेल तितका आत आणि वर बसवायचा. दगडावरून उतरताना शेपूटही घासत नाही.

एका गोष्टीसाठी तर शब्द अपुरे आहेत. रुतलेली गाडी ओढायला बॉलला पट्टा अडकवू नका, असं तुम्ही प्रत्येकाला बजावता. झटक्याने बॉलची मान तुटते आणि ताणलेला पट्टा तो लोखंडी गोळा तोफेसारखा फेकतो. यात माणसं दगावली आहेत. रिसीव्हरच्या पिनमध्ये थेट पट्टा घातला तर ओढ पिनच्या मध्यावर येते, पिन वाकते आणि बाहेर निघत नाही. रिसीव्हरमध्ये शॅकलचा (पट्टा अडकवायच्या U आकाराच्या कडीचा) भरीव ठोकळा घातला की तीच पिन दोन्ही टोकांना कापाचा, म्हणजे कातरणारा, भार घेते, आणि ती त्याच कामासाठी बनलेली असते.

वायरिंगचं थोडक्यात. ब्रेक दाबल्यावर ट्रेलरचे इंडिकेटर मंद झाले तर आधी अर्थिंगची वायर बघायची. ती तुटली की करंट बॉलमधून वाट काढतो आणि दर खड्ड्याला दिवे लुकलुकतात.

बोल्ट आवळून झाल्यावर डोक्यावरून पट्टीपर्यंत तुम्ही पिवळ्या रंगाची रेघ ओढली होतीत. बोल्ट फिरला की रेघ मोडलेली दिसेल, म्हणाला होतात. पहिल्या 100 किलोमीटरनंतर, आणि आता प्रत्येक खडतर वाटेनंतर, आम्ही आडवे होऊन त्या रेघा बघतो. काका, आठही सरळ आहेत. मनापासून आभार.

आपले,
ट्रेलरवाले